उपग्रह डोक्यावर, परवाना दिल्लीत

तळेगाव दाभाडेहून चाकणला यावे, तिथे नाशिकचा रस्ता धरावा, राजगुरुनगर आणि मंचर मागे टाकून नारायणगाव गाठावे. तिथून आर्वी हाकेच्या अंतरावर आहे. 26 फेब्रुवारी 1972 रोजी टपाल खात्याने या छोट्या गावाच्या नावाने तिकीट काढले. देशाचे पहिले व्यावसायिक उपग्रह भू-केंद्र आर्वीला उभे राहिले होते. डिशचा व्यास सुमारे 97 फूट होता. हिंदी महासागरावर 36,000 किलोमीटर उंचीवर स्थिर असलेल्या इंटेलसॅट उपग्रहाकडे तिचे तोंड होते. परदेशी कंपनीकडून आयते केंद्र विकत न घेता आपल्या अभियंत्यांनीच ते उभारावे, असा आग्रह विक्रम साराभाईंनी धरला होता. उद्घाटनाच्या दोनच महिने आधी, 30 डिसेंबर 1971 रोजी, ते गेले. केंद्राला त्यांचेच नाव दिले गेले.

आर्वीची निवड विचारपूर्वक झाली होती. भोवती डोंगर आहेत, मोठे शहर जवळ नाही, त्यामुळे रेडिओलहरींचा गोंगाट कमी. पुढे याच कारणासाठी गोविंद स्वरूप यांनी जवळच्या खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 डिशांची महाकाय दुर्बीण उभारली. पुण्याच्या आसपासच्या या मुलखाचे बिनतारी नाते तर त्याहून जुने आहे. 1927 साली ब्रिटनशी बिनतारी तारसेवा सुरू झाली तेव्हा संदेश पाठवण्याचे केंद्र खडकीला आणि घेण्याचे दौंडला होते. जगाशी बोलण्याचे देशाचे साधन इथल्या माळांवर दोनदा उभे राहिले.

मग 1990 च्या सुमारास, आर्वीपासून साठ-सत्तर किलोमीटरवर तळेगावात किंवा चिंचवडच्या एखाद्या कामगार वसाहतीत घरी संगणक असलेल्या माणसाला त्या साधनाचा काय उपयोग होता? जवळजवळ काहीच नाही. त्याच वर्षांत अमेरिकेतला हौशी बुलेटिन बोर्डवाला उपग्रहावरून डेटा देणाऱ्या दोन-दोन सेवांची तुलना करत होता: कुणाची डिश लहान, कुणाचा वेग जास्त, कुणाकडे आपल्या कामाचा मजकूर. आपल्याकडे ही तुलना करण्याची वेळच आली नाही. तंत्रज्ञानात आपण मागे होतो म्हणून असे झाले, ही समजूत आजही ऐकू येते. त्या दहा वर्षांचा घटनाक्रम नीट लावला की ती टिकत नाही.

बुलेटिन बोर्ड म्हणजे काय, हे आजच्या पिढीसाठी सांगायला हवे. एक संगणक, एक मोडेम आणि एक टेलिफोन लाइन. फोन आला की मोडेम तो उचलतो, दोन्ही बाजूंची यंत्रे शिट्ट्या वाजवून एकमेकांचा वेग जुळवतात आणि फोन करणाऱ्याच्या पडद्यावर अक्षरांची एक यादी उमटते: पत्रे, चर्चा, फाइली. लाइन एकच, म्हणून एका वेळी माणूसही एकच. बाकीच्यांना एंगेज टोन. हा सगळा संसार सांभाळणाऱ्याला सिसॉप म्हणत. बहुतेक सिसॉप हौशी होते. पगार नाही, उलट खिशातून खर्च. शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सुस यांनी फेब्रुवारी 1978 मध्ये असा पहिला बोर्ड सुरू केला. 1984 साली टॉम जेनिंग्ज यांनी फिडोनेटची युक्ती काढली. फोन स्वस्त असतो अशा वेळी, रात्री, बोर्ड एकमेकांना फोन करतील आणि दिवसभराची पत्रे परस्परांना देतील. सॅन फ्रान्सिस्कोत लिहिलेला मजकूर अशा टप्प्याटप्प्याने दोन-तीन रात्रींत दुसऱ्या खंडात पोहोचू लागला.

भारतात ही हौस 1989 च्या सुमारास रुजली. मुंबईत सुचित नंदा यांचा ‘लाइव्ह वायर’ आणि बंगळुरात अतुल चिटणीस यांचा ‘सीआयएक्स’ ही त्या काळातली ठळक नावे. चिटणीस मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटावेत. जन्म बर्लिनचा, पण शिक्षण बेळगावात. गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकलेला हा माणूस पुढे देशातल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा एक आधारस्तंभ झाला. 2013 साली, वयाच्या 51 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. देशात आधी कोणी चालवून न पाहिलेली गोष्ट स्वतःच्या जबाबदारीवर चालवण्याचे धाडस त्या पिढीकडे होते. त्याची पुरेशी दखल आपण घेतली नाही, असे मला वाटते.

आता तळेगावचा हिशोब मांडू. तळेगावचा एसटीडी कोड 02114, पुण्याचा तेव्हाचा 0212, मुंबईचा 022. म्हणजे शेजारच्या पुण्यातल्या संगणकाशी बोलायचे तरी एसटीडी, मुंबईच्या बोर्डाशी बोलायचे तर लांबची एसटीडी. त्या काळातला प्रचलित मोडेम सेकंदाला 2,400 बिट्स पाठवी. सुरुवातीचे आणि शेवटचे बिट धरून एका अक्षराला दहा बिट्स लागतात. म्हणजे सेकंदाला 240 अक्षरे. एका छोट्या फ्लॉपीवर मावणारा एक मेगाबाइटचा मजकूर उतरवायला सुमारे 70 मिनिटे, तेही लाइन खरखरली नाही तर. पावसाळ्यात ती खरखरेच. मग मोडेमचे बोलणे मध्येच तुटायचे आणि बऱ्याचदा सगळे पहिल्यापासून. रात्री अकरानंतर एसटीडीला पाव दर लागे, म्हणून पीसीओसमोर रांगा लागत. संगणकवाल्याची कामाची वेळही तीच. एक मेगाबाइटसाठी 70 मिनिटांचा एसटीडी कॉल, आणि फिडोनेटवरच्या चर्चांचा रोजचा मजकूर तर कित्येक मेगाबाइटचा. पगारदार माणसाच्या घरी हे गणित बसणे शक्य नव्हते.

अमेरिकेत फोन स्वस्त असूनही तिथल्या सिसॉपना हीच अडचण आली, कारण मजकूर फोनच्या वेगापेक्षा झपाट्याने वाढत होता. युजनेट या चर्चाजाळ्याचा भार वाढू लागला, तेव्हा 1980 च्या दशकाच्या मध्यावर लॉरेन वाइनस्टाइन यांनी ‘स्टारगेट’ नावाचा प्रयोग केला. अटलांटाच्या डब्ल्यूटीबीएस वाहिनीचे चित्र उपग्रहावरून देशभर जात होतेच. टीव्हीच्या चित्रात दोन चौकटींच्या मध्ये काही ओळी मोकळ्या असतात. त्या ओळींत युजनेटचा मजकूर भरून पाठवायचा आणि घेणाऱ्याने तो वेगळा काढून संगणकात घ्यायचा. टेलिटेक्स्टचे तत्त्व हेच. दूरदर्शननेही 1985 साली दिल्लीत ‘इनटेक्स्ट’ ही टेलिटेक्स्ट सेवा सुरू केली होती, म्हणजे ही विद्या आपल्याला ठाऊक होती. स्टारगेट फार काळ चालला नाही. उपग्रहावरून आलेला मजकूर पुढे फुकट वाटता येईल की नाही, यावर वाद झाले. पण कल्पना रुजली.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिची दोन रूपे बाजारात आली. पहिले कॅलिफोर्नियाच्या पालो आल्टोतले ‘पेजसॅट’. त्याचा भर युजनेटवर होता आणि गिऱ्हाईक मुख्यतः युनिक्स चालवणारे. सुरुवातीचा वेग सेकंदाला 9,600 बिट्स. दुसरे टेनेसी राज्यातले ‘प्लॅनेट कनेक्ट’. ते खास बुलेटिन बोर्डवाल्यांसाठी होते: फिडोनेटच्या चर्चा, फुकट वा अल्प किमतीच्या प्रोग्रॅमच्या फाइली आणि सोबत युजनेट. वेग दुप्पट, 19,200 बिट्स. हा आकडा आज किरकोळ वाटेल. पण उपग्रहाची धार रात्रंदिवस चालते. सेकंदाला 1,920 अक्षरे धरली तर दिवसाला 165 मेगाबाइटच्या आसपास मजकूर पडतो. त्याच वेगाने फोनवरून तो घ्यायचा तर लाइन चोवीस तास अडकून राहील.

दोन्ही सेवा एकमार्गी होत्या. छतावर छोटी डिश, खाली एक रिसीव्हर, त्यातून संगणकाकडे जाणारी केबल. मजकूर आपोआप येत राही. उत्तरे पाठवायला मात्र फोनच लागे. पण लोक वाचतात त्याच्या मानाने लिहितात थोडे, त्यामुळे जाणाऱ्या पत्रांचे पुडके दोन-चार मिनिटांत आटपे. यातले खरे मर्म खर्चाच्या वाटणीत होते. उपग्रहावर मजकूर चढवण्याचा खर्च एकदाच होतो. तो शंभर जणांनी घेतला काय किंवा हजारांनी घेतला काय, चढवणाऱ्याला फरक पडत नाही, आणि जितके घेणारे जास्त तितकी प्रत्येकाची वर्गणी कमी. तळेगावकरांना ही रीत कुणी शिकवायला नको. इथला काचेचा कारखाना 1908 साली उभा राहिला तो अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून निघालेल्या पैसा फंडावर, माणशी एकेक पैसा गोळा करून.

या दोन्ही सेवांची डिश उत्तर अमेरिकेकडे वळलेल्या उपग्रहांसाठी होती, त्यामुळे इथे ती आणून काही हाती लागले नसते. प्रश्न होता तो अशी सेवा इथे उभी करण्याचा. उपग्रह होता: इन्सॅट-1बी 1983 पासून काम करत होता आणि 1990 च्या दशकात इन्सॅट-2 मालिकाही आली. भू-केंद्रे होती. अभियंते होते, पुण्यातच 1991 साली सी-डॅकने परम 8000 हा महासंगणक उभा केला. उपग्रहावरून डेटा नेणारी जाळीही होती, आणि एकापेक्षा जास्त. ती कोणासाठी होती, हे पाहिले की बुलेटिन बोर्डवाल्याची स्थिती कळते.

सर्वांत विस्तृत जाळे निकनेटचे. एन. शेषगिरी यांच्या नेतृत्वाखाली नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरने ते 1987 पासून पसरवले. दिल्लीत मुख्य भू-केंद्र आणि जिल्ह्याजिल्ह्याच्या ठिकाणी लहान डिश. जिल्हाधिकारी कार्यालयात बसून राजधानीला आकडे पाठवता येऊ लागले. इतक्या जिल्ह्यांना त्या काळी उपग्रहाने जोडणे हे जगाच्या तुलनेतही मोठे काम होते. शेषगिरींच्या दूरदृष्टीला त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण ते सरकारचे जाळे होते. नागरिकाला त्यात जागा नव्हती.

दुसरे अर्नेट. 1986 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ते सुरू झाले. आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूची एनसीएसटी त्यात होत्या. एनसीएसटीचे एस. रमणी हे या कामातले प्रमुख. 1989 पासून मुंबईहून अमेरिकेशी कायमची डेटा लाइन चालू झाली. पुढे अर्नेटने उपग्रहाचेही जाळे टाकले. पुण्यात जयंत नारळीकरांच्या आयुकात त्याचे केंद्र होते. तिथल्या ई-मेल पत्त्यांच्या शेवटी ‘अर्नेट डॉट इन’ असे. विद्यापीठातल्या संशोधकाला परदेशातल्या सहकाऱ्याचे पत्र एका रात्रीत मिळू लागले, त्याचे अप्रूप त्या पिढीतली माणसे आजही सांगतात. तिसरे जाळे दूरसंचार खात्याचे स्वतःचे, दुर्गम भागातल्या उद्योगांना संदेश पाठवता यावेत म्हणून. त्याचे मुख्य भू-केंद्र उत्तर प्रदेशात सिकंदराबादला होते. कारखान्यांना ते घेता येत होते, पण संदेश आपल्याच एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचे.

1994 च्या आसपास खासगी कंपन्यांनाही छोट्या डिशांची सेवा, म्हणजे व्हीसॅट, चालवायचे परवाने मिळू लागले. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांसाठी ही सोन्यासारखी संधी होती. पण अटी पाहा. फक्त एकाच गटातल्या लोकांनी आपसांत डेटा पाठवायचा, वेग सेकंदाला 64 हजार बिट्सपर्यंत, आणि हे जाळे सार्वजनिक टेलिफोनला जोडायचे नाही. शेवटची अट बुलेटिन बोर्डाच्या मुळावर घाव घालणारी होती. बोर्ड म्हणजे बाहेरून आलेला डेटा टेलिफोनवरून कुणालाही देणे. तेच निषिद्ध. याच तंत्राचा सर्वांत यशस्वी वापर मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराने केला. 3 नोव्हेंबर 1994 रोजी तिथे समभागांचे व्यवहार सुरू झाले आणि छतावरच्या छोट्या डिशने देशभरच्या दलालांना एका पडद्यावर आणले. जे तंत्र शेअर दलालाला चालते ते चर्चा करणाऱ्या नागरिकाला का चालू नये, हा प्रश्न त्या वेळीच विचारायला हवा होता.

या सगळ्याच्या डोक्यावर 1885 चा भारतीय तार कायदा. त्याचे कलम 4 सांगते की तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा एकाधिकार केंद्र सरकारचा. इतरांनी परवाना घ्यावा. आणि ‘तार’ या शब्दाची व्याख्या दुरुस्त्यांमधून इतकी रुंद झाली होती की खुणा, अक्षरे, चित्रे, आवाज पाठवणारे किंवा घेणारे कुठलेही यंत्र त्यात बसे. उपग्रहाकडे मजकूर चढवणे तर पूर्णपणे सरकारच्या हाती. म्हणून ‘झी’ने 2 ऑक्टोबर 1992 रोजी हिंदी वाहिनी सुरू केली ती भारतातून नव्हे, हाँगकाँगहून.

याच वर्षांत गावोगावच्या गच्च्यांवर मात्र डिश उगवत होत्या. 1991 च्या आखाती युद्धाची थेट चित्रे लोकांनी पाहिली, मग एशियासॅट-1 वरून ‘स्टार’ आला आणि केबलवाल्यांनी गल्लीगल्लीत तारा टाकल्या. चिंचवड, निगडी, तळेगाव स्टेशन, कुठेही मान वर केली तर जाळीची मोठी डिश दिसे. तार कायद्याच्या नजरेत तीही परवान्याविना बेकायदा होती, पण इतक्या मोठ्या लोकप्रियतेपुढे सरकारने डोळेझाक केली आणि 1995 मध्ये केबल टीव्हीचा स्वतंत्र कायदा करून तिला मान्यता दिली. सिनेमा आणि क्रिकेट उपग्रहावरून घरात आले. मजकूर आणि चर्चा आल्या नाहीत, कारण त्यांच्यामागे तेवढी गर्दी नव्हती.

गर्दी नसलेल्यांवर 1994 साली आणखी एक घाव बसला. दूरसंचार खात्याने ई-मेल आणि डेटा सेवांसाठी परवाना शुल्क ठरवले आणि त्यात बुलेटिन बोर्डही ओढले गेले. त्या वेळी या शुल्काविरुद्ध उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्यांच्या पत्रकात आकडा आहे: वर्षाला किमान 15 लाख रुपये. संगणक, मोडेम आणि टेलिफोन जोडणी यांची सगळी किंमत एकत्र केली तरी त्याच्या कितीतरी पट ही रक्कम होती, तीही दरवर्षी. ज्याचे उत्पन्न शून्य त्या हौशी माणसाकडून एका कंपनीइतके शुल्क मागणे म्हणजे त्याला ‘बंद कर’ असे सांगणे. या शुल्काचा निषेध करायला ‘फोरम फॉर राइट्स टू इलेक्ट्रॉनिक एक्स्प्रेशन’ हा गट उभा राहिला. दिल्लीचे अभियंते अरुण मेहता त्यात होते. संगणकावरून एकमेकांशी बोलणे हे भाषणस्वातंत्र्य आहे, तारसेवेचा धंदा नव्हे, ही त्यांची भूमिका होती. आज ती स्वयंसिद्ध वाटते. त्या काळी ती मांडणारे बोटांवर मोजण्याइतके होते.

पुढच्याच वर्षी एका वेगळ्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या विषयाच्या गाभ्याला हात घातला. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि माहिती व प्रसारण मंत्रालय यांच्यात वाद होता. 9 फेब्रुवारी 1995 च्या निकालात न्यायालयाने म्हटले की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची मक्तेदारी नव्हे, लोकांच्या वतीने तिचे नियमन व्हावे. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्या. पी. बी. सावंत निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक झाले. बुलेटिन बोर्डवाल्यांनी वर्षभर जे म्हटले होते, त्याला क्रिकेटच्या निमित्ताने देशातल्या सर्वोच्च ठिकाणी पाया मिळाला.

मात्र तोवर खेळच बदलला. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस या ज्या खात्याने आर्वीचे केंद्र चालवले होते, त्याचाच 1986 साली निगम झाला होता. त्यामुळे जगाची ही खिडकी त्याच दारातून उघडली. व्यक्तीला पूर्ण जोडणीसाठी 250 तासांना 15 हजार रुपये पडत, म्हणजे तासाला 60 रुपये, शिवाय टेलिफोनचे बिल वेगळे. विद्यार्थ्यांसाठी 500 रुपयांत फक्त अक्षरे दाखवणारे खाते निघाले. सुरुवातीला मोडेम कमी पडले, लाइन लागेना, निगमवर टीका झाली. तरी लोक तुटून पडले. बुलेटिन बोर्डाचे काम इंटरनेट करू लागले आणि सिसॉपचे कौशल्य नव्या धंद्यांत शिरले. उपग्रहाचे महत्त्वही घटले. 1994 मध्ये सी-मी-वी-2 आणि 1997 मध्ये फ्लॅग ही समुद्राखालची केबल मुंबईला आली. 36,000 किलोमीटर वर जाऊन परत यायला पाव सेकंद घेणाऱ्या बोलण्यापेक्षा समुद्राखालची काच वेगवान ठरली.

मधल्या काळाची एक भरपाई चिटणीस यांनी केली, आणि ती पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही. लाइनवरून शेकडो मेगाबाइट उतरवणे अशक्य, हे त्यांना बोर्ड चालवून पक्के ठाऊक होते. 1996 साली त्यांच्या पुढाकाराने ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने लिनक्सची अख्खी सीडी अंकासोबत दिली. उपग्रहाने जे घरात टाकायला हवे होते ते पोस्टमनने टाकले. त्या सीडीवरून लिनक्स शिकलेली मुले पुढे पुण्याच्या आणि हिंजवडीच्या कंपन्यांत गेली.

नोव्हेंबर 1998 मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेचे दार उघडले. परवाना शुल्क पहिल्या पाच वर्षांसाठी माफ आणि पुढे नाममात्र एक रुपया. चार वर्षांपूर्वी हौशी माणसाकडून 15 लाख मागणारे खाते तेच होते. कारभार सुधारला याचा आनंद मानायला हवा, पण 15 लाखांच्या मागणीला मुळातच काही आधार नव्हता हेही यावरून सिद्ध होते. त्याच वर्षी वारणानगरात नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर, राज्य सरकार आणि वारणा उद्योगसमूह यांनी मिळून कोल्हापूर-सांगलीकडची 70 गावे संगणकाने जोडायचा प्रकल्प हाती घेतला. ऊस उत्पादकाला त्याच्या नोंदी गावातच दिसाव्यात, हा हेतू. उपग्रहाचा दुवा सरकारी कचेरीतून शेतकऱ्याच्या गावाजवळ आला तो असा. दहा वर्षे आधी हे करायला तंत्राची आडकाठी नव्हती.

विलंबाची नेमकी किंमत मोजता येत नाही. पण एक परिणाम स्पष्ट दिसतो. अमेरिकेत आणि युरोपात बुलेटिन बोर्डांनी एक अख्खी पिढी घडवली: आपले व्यासपीठ आपण चालवायचे, नियम आपण ठरवायचे, खर्च वाटून घ्यायचा. आपल्याकडे ही पायरी फार थोड्यांना चढता आली. मराठीतून चर्चा करणारे, गावात चालणारे बोर्ड उभे राहून लिपीचे, कळफलकाचे प्रश्न लोकांनीच सोडवायचे, तो काळ मधूनच निसटला. मराठी माणूस थेट तयार इंटरनेटवर पोहोचला, ग्राहक म्हणून.

तार कायद्याची जागा घेण्यासाठी आता 2023 चा दूरसंचार कायदा आला आहे. 2025 साली स्टारलिंकला उपग्रहावरून इंटरनेट देण्याचा परवाना मिळाला आणि महाराष्ट्र सरकारने गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम अशा जिल्ह्यांसाठी त्या कंपनीशी इरादापत्रावर सही केली. गडचिरोलीच्या शाळेला डिश बसणार असेल तर ती स्वागतार्हच आहे. मात्र या वेळी दोन-तीन सेवांची किंमत, वेग आणि अटी ताडून पाहण्याचा हक्क गावाच्या हाती राहिला पाहिजे, आणि ती जोडणी शेजाऱ्याला वाटून देण्याची मुभाही.

वाचकांना एक विनंती आहे. बुलेटिन बोर्डांच्या काळाचे कागद फार थोडे उरले आहेत आणि फ्लॉपीवरचा मजकूर वर्षागणिक पुसला जातो आहे. तळेगाव, चिंचवड, चाकण या पट्ट्यात कुणाकडे त्या काळचे मोडेम, फ्लॉपी, बोर्डांवरच्या पत्रांच्या छापील प्रती, दूरसंचार खात्याच्या नोटिसा किंवा एसटीडीची जुनी बिले असतील, तर ती रद्दीत देऊ नका. फ्लॉपीवरचा मजकूर जाणकाराकडून उतरवून घ्या आणि त्याची एक प्रत गावातल्या महाविद्यालयाच्या किंवा नगर वाचनालयाच्या हवाली करा.